टोल्युइन गेलं कुठे? प्लाझ्मा आणि टायटानियाच्या प्रकल्पाच्या नोंदी

१६ जून २०२५, सोमवार

अखेर लॅबमधला कोपरा मिळाला. फ्यूम हूडच्या डावीकडचा, जिथे गेली दोन वर्षं मोडका सेंट्रिफ्यूज पडून होता. काकांनी (आमचे लॅब असिस्टंट, सगळ्या लॅबचेच काका) तो ओढून काढला आणि खालची झुरळं झाडली.

काम काय आहे ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुढे भरकटलो की इथे येऊन बघता येईल. रंग, छपाई, चिकटपट्टी असल्या कारखान्यांच्या धुराड्यातून द्रावकांच्या वाफा बाहेर पडतात. प्रमाण थोडं, दहा लाखांत शे-दोनशे भाग (म्हणजे शे-दोनशे पीपीएम), आणि हवा मात्र भरमसाट. एवढ्या थोड्या वाफेसाठी सगळी हवा तापवून जाळायची तर इंधन परवडत नाही. म्हणून हवा थंडच ठेवायची आणि तिच्यातून उच्च दाबाची वीज सोडायची. काचेच्या अडथळ्यामुळे मोठी ठिणगी पडत नाही, तिच्याऐवजी हजारो बारीक ठिणग्या पडतात, एकेक काही नॅनोसेकंदांची. इलेक्ट्रॉन तापतात, हवा गार राहते. हाच आमचा प्लाझ्मा. ही युक्ती सीमेन्सने १८५७ साली ओझोन बनवायला वापरली होती. तिच्या जोडीला टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजेच टायटानिया. त्यावर अतिनील प्रकाश पडला की पृष्ठभागावर ऑक्सिडीकरण सुरू होतं. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ साली याच पदार्थाच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाणी फोडून दाखवलं, तेव्हापासून जग त्याच्या मागे आहे.

नमुना म्हणून टोल्युइन. थिनरमध्ये असतंच, आणि बेन्झिनपेक्षा हाताळायला कमी घातक. आपल्या २००९ च्या हवेच्या मानकांत १२ प्रदूषकं आहेत. त्यात बेन्झिन आहे, वर्षाची सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम. टोल्युइन नाहीच. घरी हे सांगितलं तर बाबा म्हणाले, "यादीत नाही म्हणजे वास येत नाही की काय?" आम्ही राहतो माहूल रोडला. लहानपणापासून 'चेंबूर की गॅस चेंबर' हा विनोद ऐकून कान किटलेत, पण रात्री वारा फिरला की खिडकी लावायला आईच उठते.

२१ जून

बाजारचा दिवस. लॅमिंग्टन रोड, मग लोहार चाळ, मग कुर्ल्याचं भंगार. पार्टनर आणि मी, दोघी छत्री असून भिजलो.

लोहार चाळीत एका दुकानाच्या पोटमाळ्यावर जुने निऑन-साइनचे ट्रान्सफॉर्मर धूळ खात पडले होते. लोखंडी गाभ्याचे, हातात धरवत नाहीत असे. सगळ्या पाट्या एलईडीवर गेल्या, आता त्यांना कोण विचारतो. दुकानदार म्हणाला, "ताई, १५ हजार व्होल्ट देतो हा. पण करणार काय, बोर्ड तर दिसत नाही तुमच्याकडे?" हवा साफ करणार म्हटल्यावर त्याने पोऱ्याला हाक मारून आम्हाला दाखवलं.

कुर्ल्याहून स्टेनलेस स्टीलची जाळी आणली. आमचा रिअ‍ॅक्टर म्हणजे काचेची नळी, तिच्या मधोमध दांडा आणि बाहेरून दुसरा इलेक्ट्रोड. हा बाहेरचा जाळीचाच हवा, पत्रा गुंडाळला तर अतिनील प्रकाश आत जाणार कसा? काचेची नळी बोरोसिलिकेटची. आमचे दिवे ३६५ नॅनोमीटरचे आहेत, तेवढा प्रकाश ही काच आत सोडते. क्वार्ट्झची गरज नाही, आणि ऐपतही नाही.

२७ जून

लेप. पी-२५ नावाची टायटानियाची भुकटी: कण २१ नॅनोमीटरच्या आसपास, ग्रॅममागे साधारण ५० चौरस मीटर पृष्ठभाग, त्यात अंदाजे चार भाग अ‍ॅनाटेज आणि एक भाग रुटाइल (एकाच पदार्थाची दोन स्फटिकरूपं). डबा उघडला की मोदकाच्या पिठीपेक्षा हलकी उडते. मास्क लावूनही पार्टनरच्या भुवया पांढऱ्या झाल्या.

पाण्यात कालवली तर गुठळ्या. ताक फाटल्यासारखं दिसत होतं. आम्ल घालून सामू ३ च्या खाली आणला, अर्धा तास सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारं यंत्र) ठेवली, मग दुधासारखी एकजीव झाली. नळीत ठेवायचं काचतंतूचं कापड त्यात बुडवायचं, निथळायचं, ११० अंशांवर वाळवायचं, पुन्हा बुडवायचं. चार वेळा. शेवटी मफल फर्नेसमध्ये ४५० अंश. त्याच्या बरंच वर गेलं तर अ‍ॅनाटेजचं रुटाइल व्हायला लागतं आणि पृष्ठभागही मिटत जातो. बोटाने घासल्यावर थोडी पांढरी पूड येते. चालेल.

३ जुलै

आज पहिल्यांदा वीज सोडली. काहीच झालं नाही.

म्हणजे अगदीच काही नाही असं नाही. दिवे मालवून डोळे सरावल्यावर जाळीच्या कडेला फिकट जांभळं काहीतरी दिसलं. ऑसिलोस्कोपवर लिसाजू आकृती काढली (रिअ‍ॅक्टरशी सिरीजमध्ये कपॅसिटर जोडायचा, आकृतीच्या क्षेत्रफळावरून एका आवर्तनाची ऊर्जा निघते). हिशेब आला ०.७ वॅट. पोटमाळ्यावरचा तो धूड १५ हजार व्होल्ट देतो हे खरं, पण ५० हर्ट्झने. अशा रिअ‍ॅक्टरमध्ये प्रत्येक आवर्तनात ठरावीकच ऊर्जा जाते. जास्त वॅट हवे असतील तर सेकंदाला जास्त आवर्तनं हवीत. हे आम्हाला पुस्तकात माहीत होतं. ट्रान्सफॉर्मर पाठीवर घेऊन दादर स्टेशनचा जिना चढताना माहीत नव्हतं.

विद्युत विभागातल्या सीनियर दादाने बोर्ड बनवून द्यायचं कबूल केलंय. वेगळी कॉइल, ५०० हर्ट्झच्या आसपास.

सरांनी आज दोन नियम पाटीवर लिहिले. वीज चालू असताना एक हात खिशात. आणि एकटीने कधीच नाही.

१० जुलै

बोर्ड आला, चाललाही, आणि भलत्याच ठिकाणी ठिणग्या पडल्या. जाळीपासून नळीच्या टोकापर्यंत, काचेच्या बाहेरून, सापासारखी वळवळत. कारण मुंबईची जुलैची हवा. काचेवर ओलाव्याचा थर बसतो आणि विजेला आयती वाट मिळते. नळी दोन्ही बाजूंनी पाच-पाच सेंटीमीटर लांब घेतली, कडा सिलिकॉनने बुजवल्या, हेअर ड्रायरने वाळवलं. मग मात्र सुंदर! आत मधल्या दांड्याभोवती जांभळ्या तंतूंची झालर, आणि गुणगुण असा आवाज. पावसाळ्यात डीपीतून येतो तसा. लिसाजू सांगतं ६ वॅट.

कम्प्रेसरची हवा वाळवणं हे आता रोजचं काम होणार. सिलिका जेल सकाळी निळं असतं, दुपारी गुलाबी.

आज गुरुपौर्णिमा. सरांना पेढे दिले. सरांनी आम्हाला टोल्युइनची सेफ्टी शीट दिली आणि तोंडी परीक्षा घेतली. एक प्रश्न चांगला होता: खोलीच्या तापमानाला टोल्युइनच्या बबलरमधून (द्रवातून हवेचे बुडबुडे सोडायची बाटली) निघालेली हवा पेट घेईल का? घेईल. पेट घ्यायला सव्वा टक्क्याच्या आसपास पुरतं, आणि २५ अंशांवर वाफ साडेतीन टक्क्यांच्या वर असते. ती तशीच ठिणग्यांत सोडली तर प्रकल्प तिथेच संपला. म्हणून बबलर बर्फात, शून्य अंशाला. तिथे वाफ ९ हजार पीपीएमच्या जवळपास राहते, म्हणजे पेटण्याच्या पातळीखाली. त्यातली मिनिटाला ११ मिलिलिटर हवा १ लिटर कोरड्या हवेत मिसळली की १०० पीपीएम तयार. मिसळणं रिअ‍ॅक्टरच्या आधी, आणि मधे ज्वालारोधक.

बर्फ कुठून आणायचा? कॅन्टीनवाल्याने हात वर केले.

१४ जुलै

बर्फाचा प्रश्न सुटला. चेंबूर मार्केटात आई जिच्याकडून बोंबील घेते ती मावशी सकाळी सातला थर्मासभर चुरा देते. पैसे घेत नाही. "शिकताय ना, घेऊन जा," म्हणाली. तेवढं हार्बरच्या लेडीज डब्यात लोक नाक मुरडतात, कारण बर्फाला पापलेटचा वास असतो.

पीआयडी मीटरने (दिव्याच्या प्रकाशाने वाफेचे आयन करून ती मोजतो तो) पहिल्याच दिवशी घाबरवलं. १०० हवे होते, दाखवले २००. अर्धा तास रोटामीटर (हवेचा प्रवाह मोजणारी नळी) तपासत बसलो. मग पार्टनरने मॅन्युअल उघडलं. मीटर आयसोब्युटिलीन वायूवर जुळवलेला असतो आणि टोल्युइनला तो दुप्पट बोलतो. आकडा ०.५ ने गुणायचा.

आज प्लाझ्मा नाही, यूव्ही (अतिनील दिवे) नाही, नुसतं टोल्युइन लेप दिलेल्या कापडावरून सोडलं. तरी पहिली चाळीस मिनिटं बाहेर जवळजवळ काहीच आलं नाही! कापड पिऊन घेत होतं. हे आधी न बघता थेट स्विच दाबला असता तर '९९ टक्के निर्मूलन' म्हणून पेपर लिहायला बसलो असतो. पुढे प्रत्येक चाचणीआधी बाहेरचा आकडा आतल्याला येऊन टेकेपर्यंत थांबायचं. कंटाळवाणं आहे. इलाज नाही.

१७ जुलै

लिहिताना हात थरथरतोय.

फक्त यूव्ही: ८ टक्के टोल्युइन कमी.
फक्त प्लाझ्मा (कापड आत, दिवे बंद): ६१ टक्के.
दोन्ही: ९४ टक्के.

आठ आणि एकसष्ट एकोणसत्तर. पंचवीस वर मिळाले! दोघांनी मिळून केलेलं काम दोघांच्या वेगवेगळ्या कामांच्या बेरजेपेक्षा जास्त, हीच तर या जोडीची ख्याती.

एक शंका आधीपासून होती, की प्लाझ्माच्या स्वतःच्या उजेडातही नायट्रोजनच्या ३३७ आणि ३५७ नॅनोमीटरच्या रेषा असतात. अ‍ॅनाटेजला ३८८ च्या खालचं काहीही चालतं. मग वेगळे दिवे कशाला? उत्तर आजच्या आकड्यांतच आहे. दिवे बंद ठेवले तर ६१, लावले तर ९४. प्लाझ्माचा उजेड दिसायला देखणा, पण कापड जागं करायला फार मंद.

गेटवरच्या टपरीवर दोन वडापाव आणि कटिंग. पार्टनरने सरांना फोटो पाठवला. पंधरा मिनिटांनी सरांचं उत्तर आलं, एका ओळीचं: "छान. कार्बन डायऑक्साइड किती वाढला?"

आम्ही मोजलाच नव्हता.

२२ जुलै

मोजला. जे दिसलं ते असं.

टोल्युइनच्या एका रेणूत सात कार्बन. म्हणजे १०० पीपीएम पूर्ण जळालं तर ७०० पीपीएम कार्बन डायऑक्साइड वाढायला हवा. ९४ टक्के गेलं, तर ६५८. आत येणाऱ्या हवेतला आधीचा कार्बन डायऑक्साइड सोडालाइमने काढून टाकला, म्हणजे गोंधळ नको. बाहेर मिळाला २१५. शिवाय ६० कार्बन मोनॉक्साइड. एकूण २७५. सहाशे अठ्ठावन्नपैकी जेमतेम ४२ टक्क्यांचा पत्ता लागला. बाकीचा कार्बन गेला कुठे?

थोडा हवेतच आहे, पण मीटरला दिसत नाही. पीआयडीचा दिवा १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा. टोल्युइनचं आयनीभवन ८.८ ला होतं, म्हणून ते दिसतं. फॉर्मल्डिहाइडला १०.९ लागतात. म्हणजे टोल्युइन मोडून मी फॉर्मल्डिहाइड बनवलं, तर मीटर मला शाबासकी देणार, आणि नाकाला झोंबणारी, कर्करोगाला कारण ठरणारी वाफ बाहेर सोडूनही आमचा आकडा ९४ च राहणार. मला रात्री झोप लागली नाही.

आणि उरलेला कापडावर. नळी उघडली. पांढरंशुभ्र कापड मधोमध चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं. तेवढ्यात काका आत आले आणि दारातच थबकले. "बदामाचं आइस्क्रीम कुणी आणलंय?"

रसायनाचा वास घ्यायचा नाही हा नियम, पण वास आपणहून येतच होता. मिठाईच्या दुकानात बदामाच्या इसेन्सचा येतो, तोच. बेन्झाल्डिहाइड! टोल्युइनच्या मेथिल गटावर हल्ला झाला की ते बनतं, पुढे बेन्झोइक आम्ल. त्याच्या पुढे सहा कार्बनचं वलय फुटायला हवं, तिथेच गाडी अडते. हे जड रेणू पृष्ठभागाला चिकटून बसतात आणि उत्प्रेरकाचं तोंड बंद करतात. कापड मिथेनॉलमध्ये धुतलं, ते धुवण जीसी-एमएसला (मिश्रणातले रेणू वेगळे करून ओळखणारं यंत्र) पाठवलंय.

१७ तारखेची नोंद खोडणार नाही. वडापावसकट राहू दे.

१ ऑगस्ट

जीसी-एमएस आलं: बेन्झाल्डिहाइड, बेन्झिल अल्कोहोल, बेन्झोइक आम्ल, थोडे क्रेसॉल. काकांचं नाक बरोबर.

आज दुसरी भानगड. बाहेर जाणारी रबरी नळी हातात घेतली तर वाकवल्या जागी भेगाच भेगा, वाळलेल्या तळ्याच्या मातीसारख्या. महिना पण झाला नाही. ओझोनने खाल्ली. हवेत विजा सोडल्यावर ओझोन होणारच, रबरातले दुहेरी बंध त्याचं आवडतं खाद्य. सगळ्या नळ्या टेफ्लॉनच्या केल्या.

ओझोन मोजायला पोटॅशियम आयोडाइडमधून हवा सोडून थायोसल्फेटने टायट्रेशन केलं. दिवे बंद असताना शेकड्यांत पीपीएम. नायट्रोजन डायऑक्साइडही आयोडाइडला फसवतो, त्यामुळे खरा ओझोन याहून थोडा कमी असणार. पण आपल्या मानकात आठ तासांना घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे साधारण ०.०५ पीपीएम. आपण एक प्रदूषक मारायला निघालो आणि दुसऱ्याचा कारखाना काढला.

गंमत पुढे आहे. दिवे लावले की तोच आकडा निम्म्याहून खाली. जोडीचं गुपित बहुतेक इथेच आहे. प्रकाश पडल्यावर टायटानियातून सुटलेला इलेक्ट्रॉन ओझोन पकडतो, फुटतो, त्यातून हायड्रॉक्सिल (हायड्रोजन-ऑक्सिजनचा फार क्रियाशील तुकडा) तयार होतो आणि तोच टोल्युइनवर तुटून पडतो. वाया जाणारा ओझोन कामाला लागतो, आणि इलेक्ट्रॉन दुसरीकडे गुंतल्यामुळे कापडावरची धन पोकळीही (इलेक्ट्रॉन निसटल्यावर मागे उरलेली रिकामी जागा) जास्त वेळ टिकते. प्लाझ्मा कच्चा माल बनवतो, कापड तो खर्च करतं.

उरलेल्या ओझोनसाठी शेवटी मँगनीज डायऑक्साइडचा थर लावला. ओझोन लागला की निळा होणारा स्टार्च-आयोडाइडचा कागद आता पांढरा राहतो.

१२ ऑगस्ट

गेला आठवडा दमटपणाच्या मागे गेला. आत येणाऱ्या हवेची सापेक्ष आर्द्रता बदलून टोल्युइन किती कमी झालं ते पाहिलं. ५ टक्के आर्द्रतेला ८८, ३० ला ९५, ५० ला ८६, ८० ला ६३.

पाणी अजिबात नको असंही नाही, जास्त हवं असंही नाही. पाण्याशिवाय हायड्रॉक्सिल कशातून बनणार? पण फार झालं की पाण्याचे रेणू कापडावरच्या जागा बळकावतात, टोल्युइनला टेकायलाही जागा उरत नाही, वर ठिणग्याही मंदावतात. गर्दीच्या वेळी विरार लोकलमध्ये बोरिवलीला चढून बघा, टोल्युइनची अवस्था समजेल.

मुश्किल ही की मुंबईत चार महिने बाहेरचीच आर्द्रता ८० च्या पुढे. परदेशातले बरेच प्रयोग सिलिंडरच्या कोरड्या हवेत झालेत. इथल्या धुराड्याला सिलिंडर कोण लावणार?

१९ ऑगस्ट

पाऊस थांबायचं नाव नाही. कॉलेजला सुट्टी जाहीर झालीय, हार्बर बंद. घरी बसून जो हिशेब टाळत होते तो केला.

रिअ‍ॅक्टरमध्ये ६ वॅट, हवा मिनिटाला १ लिटर. म्हणजे लिटरमागे ३६० ज्यूल. घनमीटरमागे ३६० किलोज्यूल, बरोबर ०.१ युनिट. ऐकायला किरकोळ वाटतं. आता मध्यम आकाराचा रंगाचा कारखाना धरू, तासाला १०,००० घनमीटर हवा. तासाला १००० युनिट. दहा रुपये युनिट धरलं तर तासाला दहा हजार रुपये. आणि एवढ्या हवेत १०० पीपीएमने टोल्युइन किती? पावणेचार किलो.

पावणेचार किलो टोल्युइन नाहीसं करायला दहा हजार रुपये! तेही पूर्ण जळत नाही ते नाहीच.

आणि हा हिशेबही स्वतःला झुकतं माप देणारा. भिंतीवरच्या मीटरवर बोर्ड ३८ वॅट खातो, आम्ही फक्त ठिणग्यांतले ६ धरतो. यूव्हीचे दिवे १० वॅट, ते कुठेच धरलेले नाहीत. निबंधांमध्ये दिव्यांची वीज बरेचदा अशीच टेबलाखाली सरकवलेली असते. आमच्या अहवालात तिन्ही आकडे शेजारी शेजारी छापायचे. पार्टनर म्हणाली, "मार्क जातील." जाऊ देत.

बाबांना आकडा सांगितला. ते एवढंच म्हणाले, "मग कोळशात शोषून घ्या ना सरळ." सक्रिय कोळशाबद्दल म्हणत होते. रागावले मी, पण तासाभराने तेच डोक्यात घोळायला लागलं.

९ सप्टेंबर

गणपती आटोपून पुन्हा कामाला. घशात अजून गुलाल आहे.

बाबांच्या बोलण्याला फाटा फोडला. हवेत टोल्युइन एवढं विरळ असताना पूर्ण वेळ वीज चालवायची म्हणजे रिकाम्या बसला दिवसभर डिझेल जाळायचं. आधी प्रवासी गोळा करू, मग बस सोडू. १४ जुलैला कापड चाळीस मिनिटं टोल्युइन पीत होतं ते तेव्हा अडचण वाटलं होतं, तेच आता वापरायचं. नळीत टायटानियासोबत झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांचा शोषक) भरला, सिलिकाचं प्रमाण जास्त असलेला, जो पाण्याला फारसा जवळ करत नाही. तासभर नुसतं शोषण, वीज बंद. मग टोल्युइन थांबवून वीस मिनिटं प्लाझ्मा आणि यूव्ही. खऱ्या जागी दोन नळ्या लागतील: एक भरतेय तोवर दुसरी जळतेय. (ही कल्पना आमची नाही, साठवा-मग-जाळा पद्धतीवर बरंच काम झालेलं आहे. आम्ही फक्त आमच्या दमट हवेत ती बघतोय.)

पहिला प्रयत्न फसला. वीज सोडताच नळी गरम झाली आणि पहिल्या दोन मिनिटांत टोल्युइन जसंच्या तसं उडून बाहेर आलं. कार्बन डायऑक्साइडचा मीटर ५००० वर जाऊन अडकला, त्याची धावच तेवढी. म्हणून आता सुरुवातीला विजेचा दाब कमी, मग हळूहळू वर, आणि बाहेर येणारी सगळी हवा पिशवीत गोळा करून नंतर मोजायची.

दुसऱ्या दिवशी बर्फाने दगा दिला. गाडी माटुंग्याला अर्धा तास उभी राहिली, थर्मासमध्ये नुसतं गार पाणी उरलं. बबलर पंधरा अंशांवर, आतलं टोल्युइन १०० ऐवजी २४० पीपीएम. आकडा फार गोड दिसत होता म्हणूनच शंका आली. ती चाचणी रद्द.

१७ सप्टेंबर

एका छोट्या युनिटला गेलो, पत्र्याच्या कपाटांना स्प्रे-पेंट करतात. नाव-गाव इथे लिहीत नाही. त्यांनी आत घेतलं हेच खूप. पाठीमागे पाण्याचा पडदा, मग पंखा, मग खिडकी, मग चाळ. पडदा रंगाचे थेंब धरतो. थिनरची वाफ पाण्यात फारशी विरघळत नाही, ती सरळ चाळीत जाते.

आमची नळी पंख्याच्या तोंडाशी लावली. विसाव्या मिनिटाला बंद. कापडावर निळ्या रंगाचा बारीक फवारा बसला होता, त्यावर धूळ. यूव्ही आत जाणार कुठून? मालक शांतपणे बघत होते. म्हणाले, "मॅडम, लॅबमध्ये चाललं असेल. इथे रोज पुसायला माणूस ठेवायचा का?" आधी गाळणी हवी, आणि तीही बदलता येणारी. हे कुठल्याच समीकरणात नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, वीज किती खाते. मी खरा आकडा सांगितला. हसले नाहीत. चहा मागवला.

तिथल्या पोऱ्याचे हात कोपरापर्यंत निळे होते. हात धुवायला तो थिनरच वापरत होता.

२६ सप्टेंबर

साठवा-जाळाचं अकरावं चक्र. बर्फ नीट, आर्द्रता ३५, शोषण तासभर, मग वीस मिनिटं वीज.

तासाभरात साठलेलं टोल्युइन पूर्ण जळालं तर पिशवीत सरासरी २१०० पीपीएम यायला हवं. मिळाला १४८० कार्बन डायऑक्साइड आणि १३० मोनॉक्साइड. १६१०. सत्त्याहत्तर टक्के. जुलैत बेचाळीस होते, हे दोन्ही आकडे तीन-तीनदा तपासलेत. वीज लिटरमागे १२० ज्यूलवर आली, म्हणजे एक तृतीयांश. त्या रंगाच्या कारखान्याला तरी तासाला ३३३ युनिट लागतील, दिवे आणि बोर्ड सोडून. अजूनही कुणी घेणार नाही. मालक तर नाहीच.

सरांनी तक्ता बघितला. पेन्सिलने उरलेल्या तेवीस टक्क्यांभोवती गोल केला आणि वही परत दिली.

संध्याकाळी नळी उघडली. कापड या वेळी तपकिरी नव्हतं, फिकट पिवळं, जुन्या वर्तमानपत्रासारखं. दोघींनाही वास आला नाही. खात्री करायला पार्टनरने काकांना हाक मारली. काका हात पुसत आले, लांबूनच थांबले, नाकपुड्या फुलवल्या.

"आहे," म्हणाले. "थोडा आहे अजून."